तुला अभिनय करायची गरजच नाही

"तू मोलकरणीचं काम कर. तुला अभिनय करायची गरजच नाही."

मंजिरीताईंनी हे हसत हसत म्हणलं. रविवारची सकाळ होती. रायपुरातल्या बूढ़ापाऱ्याच्या गल्लीतला मराठी मंडळाचा वरच्या मजल्यावरचा हॉल. चौदा-पंधरा लोक गोल करून बसले होते. सारे हसले.

माझ्या हातात वकीलबाईच्या भूमिकेचे दोन कागद होते. नाटकातली मुख्य भूमिका. मी ते कागद पाठ करून आली होती. आठ दिवस दार लावून, आरशापुढे. एकही शब्द चुकू नये म्हणून. वाचताना चुकलाही नाई. चूक वाचून झाल्यावर झाली. मी विचारलं, "मॅडम, मले वाटते ही बाई शेवटी रडणार नाई. काहून रडवलं असन तिले?"

'मला'च्या जागी मले. 'का'च्या जागी काहून.

मागून कोणीतरी "काहूऽऽन" असं लांबवून म्हणलं. मंजिरीताईंनी डोळ्यावरचा चष्मा वर केला, मले पायापासून डोक्यापर्यंत पाहलं अन् मग ते वाक्य म्हणलं.

मीही हसली. हे पहिले सांगून टाकते. लोक आपल्या अपमानाची गोष्ट सांगतात तेव्हा आपल्या डोळ्यात आग होती असं सांगतात. माझ्या डोळ्यात काही नव्हतं. मी दात काढून हसली, वकीलबाईचे कागद बाजूच्या खुर्चीवर ठेवले अन् मोलकरणीचे उचलले. त्यात सहा वाक्यं होती.

मी काही कोणाच्या घरची धुणीभांडी करत नाई. करत असती तरी त्यात लाज नव्हती, माझ्या आजीनं केली. पण मी एका सरकारी ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. मंजिरीताईंले ते माहीत होतं. मंडळाच्या फॉर्मवर लिहिलं होतं. त्या फॉर्मवर आडनावही लिहिलं होतं. फॉर्म देताना त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, थांबल्या, विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?" मी सांगतलं, भंडाऱ्याकडचे. त्यांनी आणखी एकदा आडनाव वाचलं.

"अच्छा," म्हणल्या.

मराठी माणसाले आडनाव सांगतलं की तो आपल्याले कुठं बसवायचं ते ठरवते. त्या "अच्छा"त सारं होतं. आम्ही बौद्ध आहो. तोंडानं कोणी काही म्हणत नाई. "भाषा" म्हणतात. तुझी भाषा जरा वेगळी आहे. तुझे उच्चार. भाषेवर बोललं की जातीवर बोलल्यासारखं होत नाई, एवढी सोय.

माझा बाप रेल्वेत रुळावर काम करत होता. लग्न झाल्यावर रायपुरात आला तो इथलाच झाला. मी इथल्या दवाखान्यात जन्मली. शाळेत मी "मराठन" होती. कॉलेजात, "तुम लोग बाहर से आके सीट ले जाते हो." ऑफिसात नवीन आली तेव्हा एका साहेबानं मोठ्या प्रेमानं म्हणलं, "आप मराठी लगती नहीं हो, मराठी लोग तो गोरे होते हैं." अशी तीस वर्षं गेली. घराबाहेर हिंदी, घरात आईबापाची बोली. वाटे, आपलीही माणसं असतील कुठंतरी. मंडळात जाऊ. तिथं मराठीत बोलू, कोणी बाहेरचं म्हणणार नाई.

मंजिरीताई सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आल्या. शंकर नगरात राहतात. मंडळाची नाटकं त्याच बसवतात. सहा वर्षांत त्या मंडळाच्या मालकीण झाल्या अन् मी जन्मापासून इथली, ती बाहेरची राहिली.

मग काहून नाई सोडलं तेव्हाच? कारण मले तिथं राहाचं होतं. सहा वाक्यं तं सहा वाक्यं. एवढी ती भूक होती.

तिसऱ्या रविवारी मंजिरीताई म्हणल्या, हे पात्र अजून फिकं आहे. रायपूरची मोलकरीण आहे तं छत्तीसगढ़ी ठसका पाहिजे. त्यांनी हॉलच्या दाराकडे बोट केलं. तिथं सुकवारो झाडू मारून राहिली होती. "हिच्याकडे बघ ना. आयतं मटेरियल आहे."

सुकवारो हॉलची झाडपूस करे. चाळिशीची बाई, अभनपुरच्या बाजूच्या गावातून रोज सकाळी बसनं येई. उजवा पाय ओढत चाले. मी तिले दर रविवारी पाहत होती, पण "पाणी आणून द्या" याच्या पलीकडे तिच्याशी बोलली नव्हती.

पुढच्या रविवारपासून मी अर्धा तास आधी जाऊ लागली. खालच्या टपरीवरून दोन चहा न्यायची. एक तिले. ती पहिल्या दिवशी कप घेऊन उभीच राहिली, मी खुर्ची ओढून दिली तवा टेकली. मग बोलत गेली. पोरगी अभनपुरले कॉलेजात शिकते. नवरा नाई. पाय बिल्डिंगच्या कामावर गेला. डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढत होती, फळी सरकली, वरून विटा पायावर. ठेकेदारानं दवाखान्याच्या दारात सोडून देल्लं अन् निघून गेला. हाड जुळलं ते वाकडंच जुळलं. हे सांगताना ती लाजत होती, जसा काही तिचाच गुन्हा. म्हणाली, इतक्या वर्षांत या पायाबद्दल कोणी विचारलं नाई, सारे नुसते पाहतात. तू पहिली, दीदी.

मी मान हलवली. घरी जाऊन वहीत लिहिलं: उजवा पाय बाहेरच्या बाजूनं. आधी टाच, मग पंजा घासत. कंबर डावीकडे. "हव", म्हणजे हो, म्हणताना मान खाली, शब्द लांब.

वहीत लिहिलं. ती वही अजून आहे माझ्याजवळ. माझंच अक्षर आहे, स्वच्छ, नकाशावर लिहिते तसं.

मग तालमीत मी पाय ओढत आत आली अन् "हऽव, मालकिन" म्हणलं. हॉल हसण्यानं फुटला. मंजिरीताई टाळ्या वाजवत उठल्या, माझ्या पाठीवर थाप मारली. पाठीवर त्यांचा हात पहिल्यांदा पडला. दर रविवारी हसू वाढत गेलं. माझी वाक्यं सहाची अकरा झाली. मधल्या सुट्टीत पोह्याची प्लेट घेऊन मी आधी खिडकीपाशी उभी राहून खाई. आता कोणीतरी हाक मारे, अगं इकडे ये ना, अन् खुर्ची सरकवे. वकीलबाईचं काम करणारी मधुरा माझ्या शेजारी बसे.

मले ते आवडलं. खोटं नाई सांगत. घरी येऊन आईले सांगे, आज लोक लय हसले माझ्या कामाले.

प्रयोगाच्या दोन रविवार आधी रंगीत तालीम झाली. मंडळाचे लोक घरच्यांना घेऊन आले, साठेक माणसं असतील. मी सुती लुगडं नेसली होती, पदर खोचलेला. माझी एन्ट्री आली. पाय ओढत मी मधे आली अन् लोक हसाले लागले. दारात सुकवारो उभी होती, हातात झाडू. तीही हसली. साऱ्यांच्या बरोबर, तोंडावर पदर धरून. नाटक पाहाची तिची पहिलीच वेळ असन.

मी दुसरा फेरा मारला. टाच, मग पंजा घासत.

तिचं हसणं थांबलं. ती माझ्या पायाकडे पाहून राहिली होती. मग तिनं खाली स्वतःच्या पायाकडे पाहलं अन् तो हळूच मागं घेतला, लुगड्याच्या आड. बाकी साठ लोक हसतच होते. मी काम थांबवलं नाई. अकराही वाक्यं म्हणली. टाळ्या घेतल्या.

मागच्या नळावर मी तोंड धूत होती. ती आली. आवाज चढवला नाई, रडली नाई. म्हणली, "दीदी, गोड़ के बात तो मैं तोला बताए रहेंव. सब्बो झन ला काबर देखाए?"

पायाची गोष्ट मी तुले सांगतली होती. साऱ्यांले काहून दाखवली?

माझ्या तोंडाले साबण होता.  ती झाडू घेऊन गेली, हॉल झाडाचा बाकी होता.

त्या दिवशी मी स्कूटर घेऊन सरळ घरी नाई गेली. बूढ़ा तालाबच्या काठी गाडी लावून बसली. अन् मले आठवलं ते सुकवारोचं नव्हतं, बापाचं होतं. मी पाचवीत होती. बाबा कामावरून तसेच शाळेत आले होते, कपड्यांवर ग्रीसचे डाग. वर्गाच्या दारात उभं राहून म्हणले, "गुरुजी, मेरे को मेरे पोरी का फारम भरना है." गुरुजीनं खडू खाली ठेवला, बाबासारखे खांदे वाकवले, बाबासारखं तोंड केलं अन् वर्गाकडे पाहून म्हणलं, "मेरे को मेरे पोरी का फारम!" वर्ग हसला. अन् मी, तिसऱ्या बाकावर बसलेली, मीही हसली. हसली नसती तं ती पोरी मी आहे हे साऱ्यांले समजलं असतं.

बाबा दारात उभे होते.

हे मी वीस वर्षं गाडून ठेवलं होतं. त्या गुरुजीचा राग मी किती केला. पण गुरुजी बनाले मले सहा वाक्यं अन् एक खुर्ची पुरली.

घरी गेली. बाबा आता रिटायर आहेत. ओट्यावर बसून लालभाजी निवडून राहिले होते. मी समोर बसली अन् एका दमात सारं सांगतलं, सुकवारोचं, मग शाळेतलं. वाटलं होतं ते म्हणतील, मले काही आठवत नाई.

ते म्हणले, "तू हसून राहिली होती. दिसलं होतं मले."

अन् भाजी निवडत राहिले. लहान होती तू, असं नाई म्हणले. मी वाट पाहली, पण नाई म्हणले.

पुढच्या रविवारी मी तालमीले गेली अन् सारे बसले असतानाच सांगतलं. मी हे काम करणार नाई. आणखी एक, तो पाय स्टेजवर येणार नाई. तो माझा नाई, तुमचाही नाई.

मंजिरीताईंले पहिले ते समजलंच नाई. मग समजावाले लागल्या. सात दिवसांवर प्रयोग आहे. कला आहे ही. निरीक्षण म्हणतात याले, मोठमोठे नट करतात. मी म्हणलं, ती बाई दारात उभी होती. त्या म्हणल्या, तिला कुठे काय कळतंय.

मी म्हणलं, तिले सारं समजते.

तेव्हा त्यांचा तोल गेला. "इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. म्हणूनच तुम्हा लोकांना..." अन् थांबल्या.

"तुम्हा लोकांना म्हणजे कोणाले?" मी विचारलं.

 मधुरा मोबाईल पाहाले लागली.

"वाक्य पूर्ण करा, मॅडम."

"मी तसं काही म्हटलेलं नाही," त्या म्हणल्या. "तू तुझ्या मनानं अर्थ काढू नकोस."

  शब्द माझ्याच बोलीत आले. मी म्हणलं, "आडनाव वाचून तुम्ही अच्छा म्हणल्या होत्या, तवापासून हे वाक्य अर्धं आहे. मी बौद्ध आहो. मागून नाई, तोंडावर विचारा. माझी भाषा चुकीची नाई. तिच्यावर हसून घेतलं तुम्ही, मीही हसली, ती माझी चूक. सुकवारोवर हसवलं, तो माझा गुन्हा. पण प्रयोगात तो पाय दिसला तं मी हॉलमधे उभी राहून कोणी तो कुठून उचलला ते सांगीन. माझ्या नावासकट."

"धमकी देतेस?"

"हो."

हे सारं मी लिहूनही राहिली ते असंच. मले, तुले, काहून. कोणी शुद्ध करून देतो म्हणलं होतं. नको.

सुकवारो त्या रविवारी आली नव्हती. पुढंही आली नाई. काम सोडून देल्लं, मंडळाले निरोपही नाई पाठवला. मी तिच्या बसच्या वेळेवर तीन दिवस स्टँडवर जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी भेटली. शंकर नगरात एका ऑफिसात काम धरलं होतं तिनं. मी सांगतलं, माझी चूक झाली, मी तुमच्या पायाची नक्कल वहीत लिहून केली, लोकांनी खुर्ची देल्ली म्हणून केली. मी ते काम सोडलं. तिच्या पोरीबद्दलही विचारलं.

तिनं ऐकून घेतलं. बस आली तशी म्हणली, "हव, मैडम." अन् चढली.

दीदी नाई. मैडम. अन् तिनं "हव" लांबवलं नाई. ते कधीच लांब नव्हतं. मीच लांबवलं होतं, हसू यावं म्हणून.

तिनं माफ नाई केलं. तिनं करावं असं मले म्हणताही येत नाई.

प्रयोगाले मी तिकीट काढून गेली. पहिल्या रांगेत, मधोमध बसली. मोलकरणीचं काम एका दुसऱ्या बाईले देल्लं होतं. तिच्या एन्ट्रीले पडद्याच्या कडेनं पहिले मंजिरीताईंचं तोंड दिसलं. त्यांनी मले पाहलं. मी पर्स मांडीवरून खाली ठेवली, उठायच्या तयारीनं. ती बाई आत आली अन् सरळ चालत मधे गेली. दोन्ही पाय सारखे. पण "हऽव, मालकिन" तसंच म्हणली, माझ्यासारखं, मी घडवलं होतं तसं. अन् लोक हसले. एवढी मोठी माणसं, डॉक्टर, इंजिनिअर, प्रोफेसर, एका "हो" म्हणणाऱ्या बाईवर.

मी उभी राहिली.

मागचे म्हणले, बसा, बसा. मी स्टेजकडे पाठ केली अन् हसणाऱ्यांकडे तोंड केलं. काही बोलली नाई. पायाचं बोलली असती तं आणखी एकदा सुकवारोले त्या लोकांपुढे उभं केलं असतं. मी नुसती पाहत राहिली. पहिल्या दोन-तीन रांगांतलं हसू थांबलं. मागच्यांचं नाई थांबलं. एका माणसानं माझा हात धरून बसवाचा प्रयत्न केला, मी तो झटकला. तो प्रवेश संपेपर्यंत मी उभी होती.

दुसऱ्या दिवशी मले मंडळाच्या मोबाईलवरच्या ग्रुपमधून काढलं. मंडळाच्या एका काकांनी घरी फोन करून बाबाले सांगतलं की पोरगी हुशार आहे पण स्वभावानं भांडखोर आहे, राजीनामा दिला तं सन्मानानं होईल. बाबांनी ऐकून घेतलं अन् फोन माझ्या हातात देल्ला. म्हणले, "तूच सांग."

मी काकाले सांगतलं, राजीनामा देणार नाई. आजन्म सभासदाचा फॉर्म भरला आहे मी. तुम्हाले काढाचं असन तं सभा बोलवा, कारण लिहा, त्या कागदावर सह्या करा. कारण काय लिहिता ते मले पाहाचं आहे.

अजून कोणी सभा बोलवली नाई.

मी जाते. दर कार्यक्रमाले जाते. शेजारची खुर्ची रिकामी राहते, राहू दे. मले आता तिथं कोणाची जागा नको. आपली माणसं शोधाले मी जात नाई, ते संपलं. मी पहारा द्याले जाते. कोणी कोणाच्या बोलीवर, चालीवर, आडनावावर हसलं की विचारते, काय झालं हसाले, मोठ्यानं सांगा. बरेचदा कोणी सांगत नाई. एकदोघांनी येणं सोडलं. भांडखोर म्हणतात मले, तोंडावर म्हणतात आता, ते बरं आहे.

अन् हा पहारा पहिले माझ्यावर आहे. मले एकदा खुर्ची मिळाली होती अन् तिच्यासाठी मी काय विकलं ते मले माहीत आहे. पुन्हा मिळाली तं पहिले विचारीन, ही कोणाच्या पाठीवर ठेवली आहे. उत्तर नाई आलं तं उभी राहीन. पाय दुखेपर्यंत उभी राहीन. बसणार नाई.